आईची बैठक

फिलाडेल्फिया,
नवव्या महिन्याची बारावी, १८२८

प्रिय टेसी,

आईची सूज गुडघ्यांच्या वर चढली हे वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. माझं ऐकशील तर तिला इकडे घेऊन ये. इथे डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे, पुढच्या खोलीत शेगडी आहे. कॅलेबची ना नाही.

फक्त उशीर करू नकोस. हा महिना संपायच्या आत आई इथे हवी. खुर्चीही तिच्याबरोबरच पाठव. आईनंतर ती थोरल्या लेकीकडे जायची असते, हे मी तुला नव्याने सांगायला नको. आत्ताच आली तर एक खेप वाचेल.

आपल्या पंथाची सभा दुभंगली त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तू आणि जोएल वेगळं होणाऱ्यांबरोबर गेलात, कॅलेब जुन्या सभेचा चिटणीस आहे. वर्षभर आपण दोघी हे टाळून लिहितो आहोत, तसंच लिहीत राहू. आईला मात्र यात कुणी ओढू नये एवढंच मला वाटतं.

जोएलने गाडी कधी जुंपायची ते उलटटपाली कळव.

तुझी बहीण,
ब्यूला


हॅरो हिल,
नवव्या महिन्याची एकोणिसावी

ब्यूला,

'एक खेप वाचेल'! हे वाक्य मी जोएलला वाचून दाखवलं. तो गाईची धार काढत होता. म्हणाला, "तुझी बहीण हिशेबी आहे." गाईनेसुद्धा लाथ मारली.

तुला खुर्ची हवी असेल तर सरळ खुर्ची माग, आईला मध्ये घालू नकोस. शहरात राहून तुला कल्पना नाही म्हणून सांगते. गेल्या हिवाळ्यापासून आई आडवी झालेली नाही. पाठ टेकवली की तिचा श्वास कोंडतो, ओठ निळे पडतात. ती जेवते त्या खुर्चीत आणि झोपतेही त्याच खुर्चीत. पाठीवरची ती कोरलेली पानं आणि दोन पक्षी तिच्या खांद्यांना रुततात, म्हणून मी मागे गोधडी घडी करून ठेवते. परवा ती म्हणाली, "आजीच्या आजीने इंग्लंडहून जहाजात ही खुर्ची आणली, तेव्हा सभेतले लोक म्हणाले होते की हे नक्षीकाम म्हणजे गर्व, रंधा मारून सपाट कर. तिने नुसती शाल पांघरली. आज कळतंय, रंधा मारायला हवा होता!" आणि हसता हसता तिला धाप लागली.

अशा बाईला मी दोन दिवस गाडीत हादरे देत आणू? कशासाठी? तुझ्या पुढच्या खोलीत खुर्ची शोभते म्हणून? कॅलेबला ती आवडत नाही हे मला ठाऊक आहे. तुझ्या लग्नात तो तिच्याकडे असा बघत होता, जणू कुणी रेशमी कपडे घालून सभेत आलंय.

आई इथेच राहील, आणि खुर्चीही.

टेसी


फिलाडेल्फिया,
नवव्या महिन्याची पंचविसावी

टेसी,

खुर्ची ठेव तुझ्या उरावर. मला तिचं एक पान नको की पक्षी नको.

मी जे लिहिते आहे ते लिहायचा मला अधिकार नाही. कॅलेबने जेवताना सांगितलं आणि मी मान खाली घालून सूप पीत राहिले. इथल्या वडील मंडळींनी ठरवलं आहे की जे वेगळे झाले त्यांना आपल्या कुठल्याही दफनभूमीत जागा द्यायची नाही. हॅरो हिलच्या फाटकालाही कुलूप लागेल, पुढच्या महिन्याच्या सभेनंतर लगेच. किल्ली तिथली देखभाल करणाऱ्या एनॉक जेफरिसकडे असेल. आई तुझ्या घरात वारली तर ती तुमच्यातली धरली जाईल. बाबा आत आणि आई बाहेर. कळलं आता, मी 'हा महिना संपायच्या आत' का लिहिलं ते? ती माझ्या घरात असती तर कुणी तोंड उघडलं नसतं. कारण लिहिता येत नव्हतं, म्हणून मी खुर्चीचं निमित्त केलं. खुर्ची मागितली की तू मला लोभी म्हणशील, पण निदान विचार करशील, असं वाटलं होतं.

नवऱ्याने विश्वासाने सांगितलेलं मी फोडलं आहे. हे पत्र जाळ. आणि आईला यातलं अक्षरही सांगू नकोस. तिला उचलून आण. हळू हळू हाक, चार दिवस लागू देत, पण आण.

ब्यूला


हॅरो हिल, दफनभूमीतून,
दहाव्या महिन्याची आठवी

ब्यूला,

पत्र जाळलं, पण वाचून दाखवल्यावर.

मी ते चुलीपाशी उभी राहून वाचत होते. आई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, ब्यूलाकडे सगळी खुशाल." ती म्हणाली, "टेसी, अक्षरं मला आता दिसत नाहीत, पण तुझं तोंड अजून वाचता येतं. वाच मोठ्याने." मग काय करू?

सगळं तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "सभा कधी?" मी म्हटलं, उद्या. ती म्हणाली, "मग जोएलला आजच गाडी जुंपायला सांग. शहरात नाही जायचं. तुझ्या बाबांकडे जायचंय."

मला वाटलं, शेवटचं बघून येईल. जोएल आणि शेजारच्या तिघांनी तिला खुर्चीसकट उचललं, गाडीत ठेवलं, इथे आणून उतरवलं. आपल्यात थडग्यांवर दगड नसतात, पण बाबा अक्रोडाच्या झाडापासून कुठे आहेत ते तिला पक्कं ठाऊक. "अजून थोडं उजवीकडे. आता मागे. हां, टेका." खुर्ची टेकली. आम्ही थोड्या वेळाने म्हटलं, आई, निघू या. ती म्हणाली, "तुम्ही निघा."

तेवढ्यात एनॉक कुलूप घेऊन आला. सभेच्या आदल्या दिवशी कडी बसते का ते बघायला आला असावा. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"लेटिस, इथे काय करतेस?"

"बसलेय."

"उठणार कधी?"

"उठता आलं असतं तर खुर्चीतून आले असते का?"

"अगं, पण झोपशील कुठे?"

"मी वर्षभर आडवी झालेली नाही, एनॉक. आता आडवं व्हायचं ते इथेच, म्हणून आले. मेल्यावर फाटक लावणार आहात ना? मग जिवंत आहे तोवर आत येऊन बसते. माझं नाव कुठल्याच सभेने काढलेलं नाही."

एनॉकने कुलूप हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. आत जिवंत माणूस असताना दफनभूमीला कुलूप कसं लावतात हे त्या बिचाऱ्याला कुणी शिकवलेलं नाही.

सभा झाली तरी आई इथेच आहे. वर गाडीचं ताडपत्री छत बांधलंय, पायांशी तापवलेल्या विटा ठेवल्या आहेत. मी तिच्या शेजारी बसून हे मांडीवर लिहिते आहे. मला तिचा राग येतो, अभिमान वाटतो आणि भीती वाटते, सगळं एकदम.

टेसी


फिलाडेल्फिया,
दहाव्या महिन्याची तेरावी

टेसी,

तुला सांगितलं होतं, तिला कळू देऊ नकोस.

इथे सगळीकडे हीच चर्चा आहे. कॅलेब म्हणतो की ही युक्ती जोएलची, एका म्हाताऱ्या आजारी बाईला पुढे करून तुम्ही जागा बळकावता आहात. मी म्हटलं, माझ्या आईला कुणी पुढे करू शकत नाही. पण खरं सांग मला, जोएलने तिच्या डोक्यात भरवलं का?

कॅलेब उद्या निघतो आहे, बरोबर वडील मंडळींपैकी आणखी एक जण. काय ठरवून येताहेत ते त्याने मला सांगितलं नाही. आता तो मला काही सांगत नाही. आधीच्या पत्राचं त्याला कळलं आहे.

ते पोचायच्या आत तिला घरी ने. थंडी पडू लागली आहे. जागेसाठी जीव जाऊ देऊ नकोस, टेसी. मेलेल्यांना भिंत कुठे कळते?

ब्यूला


हॅरो हिल,
दहाव्या महिन्याची अठरावी

ब्यूला,

घाईत लिहिते आहे. डाकगाडी थांबवून धरली आहे.

ते आले. तुझा नवरा आईसमोर उभा राहिला. आवाज चढवला नाही, हे कबूल करते. म्हणाला, "लेटिस, एकच विचारतो. तू कुणाच्या बाजूची?"

आई म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या. डाव्या बाजूची."

कॅलेबबरोबरच्या माणसाला हसू आलं, कॅलेबला नाही. तो म्हणाला, "आम्ही तुला हात लावणार नाही. बाहेर यायचं म्हणशील त्या क्षणी फाटक उघडेल. पण जे वेगळे झाले ते यापुढे आत येणार नाहीत."

"म्हणजे माझी लेक?"

"तिने स्वतःहून निवडलंय."

ब्यूला, मला माझ्या आईपासून उठवलं. दोन सभ्य माणसं माझ्या दोन बाजूंना चालत राहिली, अंगाला बोटही न लावता, आणि मी बाहेर आले. फाटक लागलं. छत काढलं नाही, तेवढी दया केली. एनॉकची बायको सूप घेऊन आत जाते, एनॉक विटा तापवून देतो. पण आईची पाठ कुठे दुखते, गोधडी कशी घडी करायची, ते त्यांना काय ठाऊक? मी भिंतीपलीकडून ओरडून सांगते.

आज जोएल पहार घेऊन आला, बरोबर शेजारचे. आयुष्यात कुणावर हात न उचललेली ही माणसं, पण त्यांच्या डोळ्यांत काही भलतंच होतं. मी त्यांना अडवलं नाही. आतून आईचा आवाज आला. एवढा मोठा आवाज तिने कुठून काढला कुणास ठाऊक. "जोएल, ती पहार घरी ने. ही भिंत तुझ्या सासऱ्याने रचली आहे." जोएल पहार टाकून रडत बसला. आणि तू विचारतेस, त्याने डोक्यात भरवलं का!

पण मुद्दा हा. कॅलेब निघताना आईने त्याला हाक मारली. "कॅलेब, तुझी बायकोही माझीच लेक आहे. तिला तरी आत येता येईल ना?" नाही म्हणता येईना त्याला. तू त्यांच्यातली आहेस.

तुला आत जाता येतं, मला येत नाही. तिला रात्रभर धाप लागते, इथून ऐकू येतं. ये.

टेसी


फिलाडेल्फिया,
दहाव्या महिन्याची एकविसावी

टेसी,

कॅलेब म्हणतो, "तू गेलीस तर ते मला सभेपुढे ठेवावं लागेल. मीच चिटणीस आहे." मी म्हटलं, "ठेव."

या पत्राआधी कदाचित मीच पोचेन.

ब्यूला


हॅरो हिल,
अकराव्या महिन्याची नववी

ब्यूला,

तू गेल्यापासून रोज लिहायला बसते आणि कागद बाजूला सारते. आज लिहून टाकते, नाहीतर आतल्या आत सडेन.

तू आत होतीस ते सगळे दिवस मी भिंतीबाहेर होते. तुझं डोकं दिसायचं, आईचं नाही, खुर्चीची पाठ आड यायची. त्या दुपारी वारा सुटला होता. मी पाहिलं, तू उठलीस, धावत फाटकाकडे आलीस, एनॉकला काहीतरी म्हणालीस. त्याने कुलूप काढलं. फाटक उघडलं, ब्यूला. मी गाडीवरून उडी मारून धावले. मला आतलं गवत दिसलं. आणि तू मागे वळून बघितलंस, परत फिरलीस आणि फाटक लावलंस. माझ्या तोंडावर. तू स्वतःच्या हाताने लावलंस, एनॉकने नाही.

थोड्या वेळाने एनॉक बाहेर आला आणि आई गेली म्हणाला.

तुझ्या सभेचा नियम तू तेव्हाही मोडू शकली नाहीस का? मी दहा पावलांवर होते!

पुढचं तू पाहिलंसच. एनॉक एकटा खणायला लागला. त्याचं वय काय, जमीन किती कडक. मग त्याने येऊन फाटक उघडलं आणि दुसरं फावडं जोएलपुढे धरलं. वर्षभर रस्त्यात भेटले तरी एकमेकांकडे न पाहणारे दोघं, एक डोक्याच्या बाजूने आणि एक पायाच्या बाजूने खणत होते. कुणाला विचारून त्याने आम्हाला आत घेतलं कोण जाणे. आईला बाबांच्या डाव्या बाजूला ठेवलं, आणि तू कुणाशी न बोलता शहराच्या गाडीत बसलीस.

दुसऱ्या दिवशी एनॉक खुर्ची घेऊन दारात आला. पुसून, पायांची माती काढून. म्हणाला, "आता कुलूप लावलंय. त्याआधी ही बाहेर काढली."

ती तुझी आहे. पाठवू का, ते सांग. आणि फाटकाचं सांग. तुझ्याकडे उत्तर नसेल तर तसं लिही, पण लिही.

टेसी


फिलाडेल्फिया,
अकराव्या महिन्याची तिसावी

टेसी,

उत्तर आहे. ते तुला तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून गाडीत बसले.

आत गेले तेव्हा आई आधी म्हणाली, "उशीर केलास." मग म्हणाली, "गोधडी खाली घसरली आहे, टेसी ओरडून ओरडून दमली, पण या लोकांना जमत नाही." मी ती सारखी केली. बसायला दुसरं काही नव्हतं. मी तिच्या पायांशी जमिनीवर बसले आणि डोकं तिच्या गुडघ्यांवर ठेवलं. सूज एवढी होती की गालाला ते पाण्याच्या पिशवीसारखं लागत होतं. ती माझ्या टोपीच्या नाड्या सोडायची आणि पुन्हा बांधायची. एकदा म्हणाली, "तुम्हा दोघींना मी एकाच अंथरुणात निजवायचे. तेव्हाही तुम्ही एकमेकींना लाथा मारायचात."

त्या दुपारी वारा सुटला आणि ती अचानक म्हणाली, "ब्यूला, मला घरी ने. मला टेसीकडे जायचंय." टेसी, मला काय वाटलं असेल! इतके दिवस सोसून शेवटी ती हरली, असं वाटलं आणि बरंही वाटलं. घरी शेगडी होती, तू होतीस. मी धावले. एनॉकला म्हटलं, उघड, ती बाहेर येते आहे. फाटक उघडलं. तू धावत येताना मला दिसलीस.

आणि मागून तिने हाक मारली. मी वळून पाहिलं. तिचा चेहरा अगदी शांत होता. ती म्हणाली, "ब्यूला, दार लाव गं. वारा आत येतोय. आणि टेसीला सांग, आता भाकरी आण."

ती घरी पोचली होती, टेसी. ती तुझ्या स्वयंपाकघरात बसली होती. भिंत नव्हती, कुलूप नव्हतं, फक्त दार उघडं राहिलं होतं आणि वारा येत होता. तिला उचलून बाहेर आणलं असतं तर ती कुठे आहे ते तिला कळलं असतं. म्हणून मी दार लावलं. तुला आत ओढून घेऊन मग लावायला हवं होतं, हे मला गाडीत सुचलं. त्या क्षणी सुचलं नाही. तिने लाव म्हटलं आणि मी लावलं, लहानपणी लावायची तसं. परत तिच्यापाशी पोचेपर्यंत ती गेली होती.

यासाठी तू मला क्षमा करावीस असं म्हणणार नाही. काय झालं ते तुला कळावं, इतकंच.

इकडचं सांगते. सभेचे दोघं जण घरी आले. वेगळ्या झालेल्यांना दफनभूमीत घेण्यात माझा हात होता असं म्हणाले. चूक झाली, वाईट वाटतं, एवढं लिहून दे, प्रकरण मिटेल. मी म्हटलं, वाईट वाटतं, पण तुम्हाला हवं आहे त्याचं नाही. एनॉकनेही लिहून दिलं नाही असं ऐकते.

परवा महिन्याची सभा झाली. चिटणीस कॅलेबच. माझं नाव काढल्याचा कागद त्यालाच वाचायचा होता. दुसरा कुणी वाचेल, असं त्याला सांगितलं गेलं, तो नको म्हणाला. मी बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसले होते. मधल्या पडद्याआडून त्याचा आवाज आला. ब्यूला रशटन हिने, असं सुरू केलं आणि शेवटपर्यंत न अडखळता वाचलं. मी त्याच्यावर रागावायचं ठरवलं होतं, पण त्याच्या आवाजात असं काही होतं की मी तेही करू शकले नाही.

मी आधी घरी आले. जेवण वाढून ठेवलं. तो उशिरा आला, कोट न काढता टेबलापाशी उभा राहिला. मला वाटलं, आता नियम समजावून सांगेल. तो म्हणाला, "ब्यूला, तिला शेवटी थंडी वाजत होती का?"

मी खोटं बोलू शकले असते. सांगू शकले असते की तिला कळत नव्हतं. पण आईचे गार हात इतके दिवस माझ्या हातात होते, टेसी.

"हो," मी म्हटलं. "वाजत होती."

देवापुढे सोडून कुणापुढेच डोक्यावरची टोपी न काढणारा हा माणूस. न्यायाधीशासमोर काढली नाही म्हणून त्याच्या वडिलांनी तुरुंग भोगला. त्याने टोपी काढली, दोन्ही हातांत धरली आणि तसाच उभा राहिला. सूप गार झालं. मी त्याला बस म्हटलं नाही. तोही बसला नाही.

खुर्ची पाठव. रस्ते गोठायच्या आत. तू स्वतः घेऊन आलीस तर पुढच्या खोलीत तुझं अंथरूण घालते.

ब्यूला